ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा?

जळगावकडच्या घरात ओट्यावर काय काय उतरतं ते आधी बघा. भरितासाठी भाजलेली वांगी, बट्ट्यांचा ट्रे, शेवभाजीची रटरटती कढई. मांड्यांचं खापर तेवढं चुलीवरच राहतं. म्हणून माझा कौल ग्रॅनाइटला.

क्वार्ट्झ देखणा, यात वाद नाही. दगडाचा चुरा आणि रेझिन, म्हणजे चिकटवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, एकत्र दाबून तो बनवतात. त्यामुळे तेल मुरत नाही, सीलर म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप लावावा लागत नाही. पण साधारण १५० अंशांपुढे हे रेझिन करपायला लागतं, आणि फोडणीची कढई त्याहून तापलेली असते. असा डाग घासून जात नाही. पांढऱ्यावर हळद सांडली तर लगेच पुसा. उन्हानं तो पिवळा पडतो, तेव्हा मागच्या अंगणातल्या ओट्याला तर नकोच.

ग्रॅनाइट ताप सोसतो. फिकट रंगाचा मात्र तेल पितो, त्याला अधूनमधून सीलर हवा. काळ्यावर डाग लपतात, पण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ उठून दिसतात.

बसवताना दोन्हींचं सारखंच: खालचा कडाप्पा सपाट हवा. सिंकसाठी कापताना कोपरे गोल ठेवा, नाहीतर तिथूनच तडा जातो. पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच मारून घ्या. उंची मात्र रोज स्वयंपाक करणाऱ्याला उभं करून मोजा. आमच्याकडे मिस्त्रीनं स्वतःच्या अंदाजानं ३६ इंच धरली. आई आजही पाटावर उभी राहून पोळ्या लाटते.