घरी फिल्टर बदलला आणि इंजिनचा दिवा लागला: स्कॅनर, मिस्त्री की वर्कशॉप?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घाटंजी भागात गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. पांदणीची धूळ असतेच, वरून रुईचे तंतू. म्हणून फिल्टर, प्लग, ऑइल ही कामं आमच्याकडे बरेच जण अंगणातच उरकतात, आणि खुशाल उरकावीत. अडचण त्यानंतरची आहे. चावी फिरवली की इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी चालू झाली की विझतो, हे रोजचं. पण काम केल्यावर तो विझलाच नाही, तर गाडी यवतमाळच्या वर्कशॉपला न्यायची, तालुक्याच्या मिस्त्रीला दाखवायची, की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष वाचणारा स्कॅनर स्वतः घ्यायचा? हे तिन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

आधी दिवा नीट पाहा. स्थिर असेल आणि गाडी एकसारखी चालत असेल तर घाई नाही. लुकलुकत असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका. त्याचा अर्थ इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तिथे ते पेटून कन्व्हर्टर तापतो आणि खराब होतो. प्लगच्या कामात वाचवलेल्या दोन-चारशे रुपयांपायी हजारोंचा फटका बसतो. अशा वेळी मिस्त्रीलाच घरी बोलवा. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट, तो दिसला की त्याच क्षणी इंजिन बंद.

दिवा स्थिर असेल तर कुठेही जाण्याआधी बॉनेट पुन्हा उघडा आणि आपला हात जिथे जिथे लागला तेवढंच तपासा. माझ्या वेळी फिल्टर बदलताना एअर बॉक्सजवळच्या (फिल्टर ज्यात बसतो तो डबा) सेन्सरचं कपलर, म्हणजे वायरीचा खोचायचा जोड, काढलं होतं. परत लावताना ते आत गेल्यासारखं वाटलं, पण त्याची कडी बसली नव्हती. ओढून पाहिलं तर अलगद हातात आलं. नीट बसलं की ‘टक’ असा बारीक आवाज येतो. दुसरी जागा म्हणजे बॉक्सच्या झाकणाची मागची बाजू. पुढच्या क्लिपा लागतात, पण मागचे आकडे खाचेत बसलेले नसतात. तिथून न गाळलेली धुळीची हवा आत जाते. आणि सेन्सरच्या पुढच्या होजचा क्लॅम्प ढिला असेल तर तिथून जास्तीची, सेन्सरने न मोजलेली हवा शिरते, आणि कॉम्प्युटरला पेट्रोल कमी पडतंय असं दिसतं. ऑइल बदललं असेल तर ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक पूर्ण दाबलेली आहे ना, हेही पाहा. काही इंजिनांत तिथूनही हवा शिरते.

सगळं बसवल्यावरही दिवा लगेच विझत नाही, म्हणून घाबरू नका. दोष पुन्हा दिसला नाही तर साधारण तीन वेळा नीट गाडी चालवून झाल्यावर तो आपोआप विझतो.

गावात सगळ्यात आधी सल्ला मिळतो तो, ‘भाऊ, बॅटरीचं टर्मिनल काडून पाहा, जाते लाइट.’ बऱ्याच गाड्यांत जातेही. पण सोबत कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जातो, म्हणजे दिवा कशामुळे लागला होता हे सांगणारी एकमेव खूणच जाते. कॉम्प्युटरने शिकलेलं आयडलिंगही (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) पुसलं जातं, इंजिनचा वेग काही दिवस वर-खाली होतो. मूळ दोष तसाच असेल तर दिवा परत लागतोच. हा उपाय मी कुणालाच सांगत नाही.

आता स्कॅनर. ब्लूटूथवर चालणारं साधं अडॅप्टर पाचशे ते दीड हजारात मिळतं. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं आणि मोबाइलच्या ॲपवर कोड वाचायचा. आयफोन असेल तर त्याला चालणारंच मागा, साधं ब्लूटूथ त्याला जोडत नाही. २०१३ नंतरच्या गाड्यांसाठी हे उत्तम, त्याआधीच्यात चालेलच असं नाही. पी०११३ आला तर हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं कपलर पाहा. पी०१०२ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल कमी येतोय. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, बहुतेक वेळा कुठेतरी गळती. प्लग बदलल्यावर पी०३०३ आला तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. मग तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब, तिसऱ्यावरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. एवढं घरी कळलं की मिस्त्रीकडे जाताना कॉइलच घेऊन जाता येते.

त्याच्या मर्यादाही आहेत. स्वस्त अडॅप्टर एअरबॅग किंवा एबीएसचे कोड सहसा वाचत नाही. कोड म्हणजे निदानही नव्हे. सेन्सरचं नाव दिसलं म्हणून लगेच नवा सेन्सर मागवू नका, आधी वायर पाहा, आमच्याकडे उंदीर वायरी कुरतडतात. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

तालुक्याचा चांगला मिस्त्री मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो. त्याच्या कानाला मिसिंग कळतं, होजवर हात फिरवला की गळती सापडते. पण त्याच्याकडे स्कॅनर आहे का, हे आधी फोनवर विचारा. आणि तुम्ही काय उघडलं होतं ते सगळं सांगा. आमचे मिस्त्रीभाऊ पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘कोणतं कपलर काडलं होतं तुमी?’ लाज वाटून लपवलं की त्यांचा तास जातो आणि आपले पैसे.

वर्कशॉपला जायचं तर आमचा अख्खा दिवस मोडतो, स्कॅनिंगचे आणि मजुरीचे पैसे वेगळे. तरी काही गोष्टींत दुसरीकडे जाऊ नये. गाडी वॉरंटीत असेल, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केल्यावर आयडलिंग बिघडलं असेल किंवा एअरबॅगचा दिवा सोबत लागला असेल तर सरळ तिकडेच. डिझेल गाडीच्या इंजेक्टरच्या पाइपांना तर घरी पाना लावूच नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या वर जातो, तो फवारा कातडीत घुसतो. बीएस ६ डिझेलचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा अनेकदा मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सलग वेगात गाडी चालवल्यावर जातो, तरीही राहिला तर वर्कशॉपच.

फिल्टर आणि प्लगपुरतंच घरी करत असाल, पेट्रोल गाडी असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर अडॅप्टर घ्याच. वर्षातून एकदाच बॉनेट उघडत असाल तर स्कॅनरवाला मिस्त्री पुरे. आमच्या गल्लीत तीन घरांनी मिळून एक अडॅप्टर घेतलं आहे. ते आमच्या दारामागच्या खुंटीवर असतं, सोबत एका कागदावर आतापर्यंत आलेले कोड आणि प्रत्येक वेळी काय निघालं ते लिहिलेलं. आतापर्यंतच्या पाच नोंदींपैकी तीन कपलरच्या आहेत.