सोसायटीची जागा निवडायची : गूगल अर्थ, भुवन की क्यूजीआयएस?

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात जागा दाखवणाऱ्यांना तोटा नाही. ओळखीच्या काही शिक्षकांनी घरांची सोसायटी काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यापुढे तीन जागा होत्या. एक सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, एक डोंगराच्या उतरणीला आणि एक खाली शापोरा नदीकडे, खाजनाला, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या सखल शेतजमिनीला, लागून. तिन्ही त्यांनी फेब्रुवारीत पाहिल्या. फेब्रुवारीत गोव्यातली कुठलीही जागा चांगलीच दिसते.

मग नकाशावर बघायचं ठरलं, आणि कशावर बघायचं ते विचारायला ते माझ्याकडे आले. नकाशे जुळवणं हेच माझं रोजचं काम. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

सुरुवात गूगल अर्थ प्रोने करा. २०१५ पासून ते फुकट आहे, तासाभरात हाताला बसतं. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जुनी चित्रं दाखवणारी पट्टी. खाजनाकडच्या जागेवर आम्ही ती एकेक वर्ष मागे ओढत गेलो. जुन्या चित्रात जागेच्या मधून झाडाझुडपांची एक वाकडी हिरवी रेघ जात होती. नंतरच्या चित्रात तिथे तांबडी माती, आणि त्यानंतर सगळं सपाट. व्हाळ, म्हणजे ओढा, बुजवला होता. दलालाने दाखवलेल्या फोटोत तो कसा असणार?

पण इथे एक फसगत आहे. पावसात ढग असतात, म्हणून आपल्याकडची बहुतेक चित्रं नोव्हेंबर ते मे या काळातली. म्हणजे तुम्ही घरबसल्या पुन्हा फेब्रुवारीच पाहता. त्यावर तोड म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार-चित्रं. ती ढगांतून आरपार घेतलेली असतात आणि कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघता येतात. त्यांत साचलेलं पाणी काळं दिसतं. लावणीच्या वेळचं भाताचं शेतही काळंच दिसतं, म्हणून एका तारखेवर जाऊ नका. जुलै आणि ऑगस्टअखेर अशा दोन तारखा शेजारी ठेवा. भात वाढलं की शेत उजळतं, तुंबलेलं पाणी काळंच राहतं. आमची जागा दोन्ही तारखांना काळी होती. खाजनाकडची जागा तिथेच कटाप झाली.

गूगल अर्थवर माउस फिरवला की खाली समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. खाजनाजवळ तिच्याकडे ढुंकूनही पाहू नका. या उंचीत काही मीटरांची चूक सहज असू शकते, आणि खाजनाचा सगळा खेळ मीटर-दीड मीटरचा. बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) शाबूत आहे तोवर कोरडं, नाहीतर भरतीचं पाणी आत.

भुवन हे इस्रोचं संकेतस्थळ, २००९ पासूनचं. जमिनीचा वापर, पाणथळ जागा असे थर त्यावर मिळतात, पण मोठा भाग १:५०,००० प्रमाणावर केलेला आहे. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. पेन्सिलीच्या रेघेखाली दोन भूखंड झाकले जातील! आसपासच्या चार गावांचा अंदाज घ्यायला ठीक, तुमच्या कुंपणासाठी नाही. मी भुवन एकटं कधीच वापरत नाही, त्याचे थर क्यूजीआयएसमध्ये ओढून घेतो.

क्यूजीआयएस म्हणजे नकाशांचे थर जुळवून मोजमाप करायचं सॉफ्टवेअर. हेही फुकट, पण शिकायला आठवडाभर डोकं खपवावं लागतं. सर्व्हे प्लॅन, प्रादेशिक आराखड्यातला झोन, सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधांची) रेषा आणि उतार हे सगळं एकावर एक ठेवायचं तर असलंच सॉफ्टवेअर लागतं. आर्कजीआयएसही हे करतं, छान करतं, पण ते विकतचं. तुमच्या कार्यालयात आधीच असेल तर वापरा, सोसायटीने घ्यायची गरज नाही.

उतरणीच्या जागेचा किस्सा इथलाच. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून जास्त उतार विकासाला बंद आहे. विकणाऱ्याच्या माणसाने रंगीत नकाशा पुढे केला आणि म्हणाला, 'बघा, वीसच आहे, पंचवीसच्या आत.' आकडा खरा होता, पण तो अंशांत होता. क्यूजीआयएस उतार अंशांत देतं, नियम टक्क्यांत आहे. २५ टक्के म्हणजे जेमतेम १४ अंश, आणि २० अंश म्हणजे ३६ टक्के. शिक्षकांमध्ये गणिताच्या बाई होत्या, त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. तो माणूस गप्प झाला.

स्वतः करणार असाल तर आणखी एक खूण सांगतो. उंचीची फाइल आधी यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात आणा. नाहीतर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरांत राहते, आणि सगळा तालुका ८९ अंशांचा कडा दिसतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला पेडण्यात सह्याद्री सापडला होता. शिवाय फुकट मिळणाऱ्या उंचीचा एक चौकोन ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. तीनशे मीटरचे तीन प्लॉट त्यात मावतात. जागा पक्की करण्याआधी सर्व्हेअर बोलवून उंचीरेषांचा नकाशा करूनच घ्या.

यांतलं काहीच कायद्याचा कागद नाही. झोनिंगचा दाखला नगरनियोजन खात्याचा, मालकी फॉर्म १ आणि १४ वर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत हक्काने राहणाऱ्याचं, घर चित्रात कौलांसकट दिसतं, त्याचा हक्क दिसत नाही.

तर माझा कौल असा : एक संध्याकाळ गूगल अर्थ आणि रडार-चित्रांवर घालवून नको त्या जागा वगळा. उरलेल्यांसाठी क्यूजीआयएस येणाऱ्या माणसाला पैसे देऊन काम करून घ्या. तेवढ्यासाठी शिकत बसू नका.

सोसायटीकडे शेवटी सड्यावरची जागा उरली. उतार नाही, पाणी तुंबत नाही, झोन सेटलमेंटचा, म्हणजे वस्तीचा. मे महिन्यात आम्ही शेजारच्या विहिरीत डोकावलो. तळाला कळशी बुडेल एवढंच पाणी होतं. व्यवहार सध्या तिथेच थांबलाय.