हप्त्याची बातमी: आधी तारीख की आधी जीआर?

लाडकी बहिणीचे 1500 कधी येणार यावर दर महिन्याला दोन टाइपच्या बातम्या येतात. एक "सूत्रांनुसार" तारीख टाकून मोकळी, दुसरी जीआर (म्हणजे सरकारचा लेखी निर्णय) बघून लिहिलेली. पहिली फास्ट असते, क्लिक पण तिलाच, पण ती वाचून हडपसरची एखादी मावशी अर्धा दिवस बुडवून बँकेत पासबुक भरायला जाते आणि एंट्रीच नसते, त्याचं काय? दुसरी उशिरा येते, थोडी रटाळ असते मान्य, पण निधीला मंजुरी मिळाली म्हणजे आजच पैसे पडले असं नाही आणि खातं आधारला लिंक नसेल तर अडकतील, हे तरी त्यात लिहिलेलं असतं.

इन्कम टॅक्स रिफंडचं तर विचारूच नका. "रिफंड सुरू!" एवढंच छापतात, हिंजवडीतली सगळी पोरं बँकेचं ॲप रिफ्रेश करत बसतात. अरे, रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं, म्हणजे ते आपणच भरलंय याची पडताळणी, आणि बँक खातं प्री-व्हॅलिडेट, म्हणजे टॅक्सच्या पोर्टलवर आधीच तपासून घेतलेलं लागतं, ते कोण सांगणार? शिवाय रिफंडच्या नावाने फ्रॉड लिंका फिरतात, त्यात अशी अर्धवट हेडलाइन म्हणजे त्यांना आयतं कुरणच.

माझं मत दुसरीला, म्हणजे कागद बघून लिहिलेल्या बातमीला. तारीख पक्की नसेल तर हेडलाइनमध्येच तसं लिहा ना, चौथ्या पॅराग्राफमध्ये लपवून काय उपयोग!