ओपनईएमएस काही महिने वापरल्यावर: पीसीबीच्या ईएमआयसाठी कितपत कामाचं?

सर्किट बोर्ड (पीसीबी) बनवायला टाकण्याआधीच रेडिएटेड एमिशनचा, म्हणजे तो हवेत किती रेडिओ लहरी फेकून इतर उपकरणांना व्यत्यय (ईएमआय) आणेल याचा, अंदाज यावा म्हणून गेले काही महिने ओपनईएमएस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट, ओपन सोर्स, आणि आत एफडीटीडी, म्हणजे केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत: जागा आणि वेळ दोन्हींचे तुकडे पाडून मॅक्सवेलची समीकरणं सोडवायची. मॉडेल पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये स्क्रिप्ट लिहून उभं करायचं. सगळं माउसने करायची सवय असेल तर सुरुवातीला चिडचिड होणार.

खरा वेळ खातं ते मेशिंग, म्हणजे मॉडेलवर जाळी टाकणं. जाळी आयताकृती, त्यामुळे एका व्हायापाशी (बोर्डाचे थर जोडणारं भोक) बारीक रेघ टाकली की ती थेट पलीकडच्या टोकापर्यंत जाते. शिवाय टाइमस्टेप ठरवतो जाळीतला सगळ्यात लहान सेल (तुकडा). तो ०.१ मिमीचा घन धरला तर स्टेप साधारण ०.१९ पिकोसेकंदांच्या वर जात नाही, आणि ३० मेगाहर्ट्झचं एकच आवर्तन पूर्ण व्हायला पावणेदोन लाखांच्या आसपास स्टेप लागतात. म्हणून ३५ मायक्रॉनचं तांबं मी जाडीसकट काढतच नाही, शून्य जाडीचा पत्रा धरतो. ४५ अंशातल्या ट्रॅकच्या पायऱ्या होतात, तिकडे काणाडोळा.

मेहनत वसूल झाली ती रिटर्न पाथमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेत. क्लॉकचा एक ट्रॅक ग्राउंड प्लेनमधल्या (ट्रॅकखालचा तांब्याचा सलग थर) फटीवरून जात होता. पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) करंट बघितला: ट्रॅकच्या बरोबर खालून परतणारा प्रवाह फटीपाशी अडतो, कडेकडेने लांबचा वळसा घालतो आणि फटच रेडिएट करायला लागते. ट्रॅक फटीला वळसा घालून नेला, रन पुन्हा लावला, फार-फील्ड (लांबवर पोचणारं क्षेत्र) लगेच खाली. डिझाइन रिव्ह्यूत हे चित्र दाखवलं की वाद मिटतो.

आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. सिस्पर ३२ या एमिशनच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या क्लास बी (घरगुती वापराची उपकरणं) मध्ये १० मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झला, मर्यादा ३० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. सिम्युलेशनमध्ये २८ आले म्हणजे पास, असं नसतं. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर. तिथे तळहाताएवढा बोर्ड एकटा फारसं फेकत नाही, फेकते ती त्याला जोडलेली केबल. ५० मेगाहर्ट्झला मीटरभर केबलमधून पाचेक मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट (सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा) गेला तरी ही मर्यादा गाठली जाते. केबल मॉडेलमध्ये घ्यावी तर डोमेन (सिम्युलेट करायची जागा) फुगतं, आणि चाचणीच्या चेंबरमध्ये ती नेमकी कशी लोंबणार हे आधी कुणाला ठाऊक असतं!

आता अख्खा बोर्ड चालवतच नाही. संशयित कोपरा कापून घेतो, दोन्ही लेआउट एकाच जाळीवर चालवतो आणि फरक तेवढा बघतो. मध्ये जाळी बदलली की तुलना गेलीच.