नवी नोकरी उपनगरात: सगळ्यांनी एकदम हलावं, एकाने आधी जावं, की रोज ये-जा करावी?

ऑफर लेटर हातात आलं की घरात आधी पगाराचं बोलणं होतं, मग घरभाड्याचं, मग मुलांच्या शाळेचं. ज्याला नोकरी लागलेली नाही त्या माणसाचा दिवस नव्या ठिकाणी कसा जाणार, हा विषय बहुतेक घरांत सामान हलल्यावर निघतो. माझ्या मते निर्णयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, म्हणून इथे तिन्ही वाटा मी त्याच मापाने मोजते आहे.

आमच्या घरात हा प्रसंग दोनदा आला. पहिल्यांदा नोकरी नवऱ्याची होती. तो पुढे गेला, मी आणि पाच वर्षांची मुलगी सात महिन्यांनी गेलो. दुसऱ्यांदा नोकरी माझी. तेव्हा मी आधी दहा महिने रोज ये-जा केली आणि ती झेपेना तेव्हा चौघंही एकाच दिवशी हललो. तोवर मुलगी तेरा वर्षांची झाली होती आणि मुलगा सात.

पैसा, थोडक्यात

सगळे एकदम हलले तर खर्च एकाच महिन्यात अंगावर येतो: सामानाची वाहतूक, डिपॉझिट, शाळांची प्रवेश फी, पडद्यांपासून बल्बपर्यंत शंभर बारीकसारीक वस्तू. एकाने आधी जायचं ठरवलं तर खर्च हप्त्याहप्त्याने होतो म्हणून कमी वाटतो. पण दोन भाडी, दोन वीजबिलं, दोन स्वयंपाकघरं आणि दर सुट्टीच्या फेऱ्या धरल्यावर आमच्या हिशेबात हीच वाट सगळ्यांत महाग निघाली. ये-जा करताना घर हलवण्याचा खर्च वाचतो, प्रवासाचा मात्र महिन्यामागून महिने चालू राहतो.

एक आकडा मांडायचा राहून जातो, तो म्हणजे जोडीदाराची सुटणारी मिळकत. तो वहीत पहिल्या ओळीत लिहा. कंपनी स्थलांतराचा खर्च देणार असेल तर सही करण्याआधी सगळं लेखी मागून घ्या: खर्चात काय काय धरलं आहे, तात्पुरत्या राहण्याची सोय किती दिवसांची आहे, आणि ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर ते पैसे परत करावे लागतात का.

रोजची ये-जा

ही वाट सगळ्यांत सोपी वाटते, कारण घरात कोणाचंच काही बदलत नाही. बदल होतो तो एकाच माणसाच्या दिवसात, आणि तो हळूहळू घरभर पसरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब विचारला होता. कोणत्या कामात किती बरं वाटलं, या यादीत सकाळचा नोकरीचा प्रवास अगदी तळाशी आला. ब्रूनो फ्रे आणि अलोइस श्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगाराने किंवा चांगल्या घराने होत असेल, हा त्यांचा अंदाज खरा ठरला नाही. जास्त प्रवास करणारे लोक एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी होते.

माझा प्रवास एका बाजूने एक तास वीस मिनिटांचा होता. मी घरी पोचायची तेव्हा मुलगा झोपलेला असायचा. चपलांच्या स्टँडवर त्याची वही उघडी ठेवलेली, पान मिटू नये म्हणून वर माझीच एक चप्पल आडवी, आणि पेन्सिलीने बाण काढून लिहिलेलं: ‘आई इथे सही’. दहा महिन्यांत तो स्टँड म्हणजे आमचं टपाल झालं होतं. हलायचा निर्णय खरं तर त्या बाणाने घेतला.

तरीही काही घरांत ये-जा हाच बरोबर निर्णय असतो. प्रोबेशन संपायचं असेल, मोठं मूल शाळेच्या शेवटच्या वर्षात असेल, घरात कोणाचे उपचार चालू असतील, किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जावं लागत असेल, तर घाईने बिऱ्हाड हलवू नये. फक्त प्रवास रविवारी दुपारी मोजू नका. सोमवारी ऑफिसच्या वेळेला निघा, आणि पाऊस पडत असेल तर आणखी चांगलं. त्या दिवशी किती वेळ लागतो, तोच तुमचा आकडा. आणि ये-जा किती महिने करणार, ती तारीख आधी ठरवून कॅलेंडरवर लिहा. आम्ही लिहिली नव्हती, म्हणून तिचे दहा महिने झाले.

एकाने आधी जावं?

बाहेरून पाहणाऱ्याला ही वाट सगळ्यांत शहाणपणाची दिसते. नोकरी कशी आहे ते कळतं, घर निवांत शोधता येतं, मुलांचं वर्ष वाया जात नाही. हे सगळं खरं आहे. पण या वाटेत काय हरवतं, ते आम्हाला घरात पाऊल टाकल्यावर कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा नवरा तिथला झाला होता. त्याला वॉचमन नावाने ओळखत होता, कोणता रस्ता कधी तुंबतो हे त्याला ठाऊक होतं, स्वयंपाकघरातले कप्पे त्याने त्याच्या पद्धतीने लावले होते. पहिल्या संध्याकाळी खोके उघडायला कात्री हवी होती, तर माझ्याच घरात मला विचारावं लागलं, “अहो, कात्री कुठे ठेवलीय?” त्याने प्रेमाने काढून दिली, पण मी पाहुणी असल्यासारखी खोक्यांपाशी उभी होते. सात महिन्यांत त्याची नव्याची नवलाई आणि नव्याची भीती, दोन्ही संपून गेली होती. माझी त्या दिवशी सुरू होत होती. मी काही अडचण सांगितली की त्याला ती महिन्यांपूर्वी सुटलेली वाटायची. यात त्याचा दोष नव्हता. आम्ही एकाच घरात राहून दोन वेगवेगळ्या महिन्यांत जगत होतो.

दोघांमधलं अंतर दोन-तीन महिन्यांचं असेल तर ते भरून निघतं असं मला वाटतं. त्यापलीकडे गेलं की मागून येणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या घरी आलो असं वाटू लागतं. ही वाट घ्यायचीच असेल तर घर आधी गेलेल्याने एकट्याने पक्कं करू नये, आणि कप्पे रिकामे ठेवावेत.

सगळ्यांनी एकदम

पहिले सहा आठवडे या वाटेत फार जड जातात. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणाचे गुण दिले होते. त्यात नव्या प्रकारचं काम ३६, जोडीदाराने नोकरी धरणं किंवा सोडणं २६, राहणीमानातला बदल २५, घर बदलणं २०, शाळा बदलणं २०, सामाजिक कार्यक्रमांतला बदल १८ आणि घरच्यांच्या भेटीगाठी कमीजास्त होणं १५. बेरीज १६० होते, आणि या मापात १५० च्या पुढे गेलं की तब्येतीची काळजी करावी असं मानतात. एकेक बदल लहान दिसतो, पण एकदम हलणाऱ्या घरात सातही बदल एकाच महिन्यात घडतात.

म्हणून त्याच वर्षी नवं घर विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या कर्जाला त्याच यादीत ३१ गुण आहेत. शिवाय कोणत्या गल्लीत राहायला आवडेल, हे तिथे वर्षभर राहिल्याशिवाय कळत नाही. पहिलं वर्ष भाड्याने काढा.

पण एकदम हलण्यात एक मोठी गोष्ट मिळते: सगळे एकाच दिवशी नवखे असतात. दुसऱ्या खेपेला पहिल्याच आठवड्यात आम्ही चौघं रस्ता चुकलो आणि एकाच वळणावरून तीनदा फिरलो. कोणाला कोणाचं मार्गदर्शन करायचं नव्हतं, कारण कोणालाच काही माहीत नव्हतं.

मुलं: वयाचा फरक

इथे वय निर्णायक आहे. राज चेट्टी, नॅथनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगातल्या कुटुंबांचा पुढचा हिशेब २०१६ मध्ये मांडला. गरीब वस्तीतून बऱ्या वस्तीत गेलेल्या कुटुंबांत, तेराव्या वर्षाआधी हललेल्या मुलांची मोठेपणीची कमाई लक्षणीय वाढली होती. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना तसा फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. तुमची-आमची परिस्थिती त्या कुटुंबांसारखी नसेल, तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: नव्या जागेचा फायदा तिथे घालवलेल्या वर्षांतून मिळतो, आणि मोठ्या मुलाकडे ती वर्षं कमी उरलेली असतात.

आमच्या घरात हे डोळ्यांनी दिसलं. मुलगा तिसऱ्या दिवशी खाली खेळत होता. मुलगी सहा महिने रात्री उशिरापर्यंत जुन्या मैत्रिणींशी मेसेजवर बोलत राहिली. पहिल्या खेपेला, पाच वर्षांची असताना, ती संध्याकाळी खिडकीत उभी राहायची. खाली मुलं एक खेळ खेळायची. तिने आठ दिवस पाहून त्याचे नियम पाठ केले, नवव्या दिवशी खाली गेली, आणि कोणी काही सांगायच्या आत बरोबर जागी जाऊन उभी राहिली. तेरा वर्षांच्या मुलीला खिडकीतून नियम शिकता येत नाहीत. तिला वर्गातली एक तरी मैत्रीण लागते.

शिगेहिरो ओइशी आणि उलरिक शिमॅक यांनी २०१० मध्ये सात हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून दाखवलं की लहानपणी वारंवार घर बदललेल्या अबोल माणसांना मोठेपणी त्याची जास्त झळ लागते, बोलक्यांना तितकी नाही. घरातलं कोणतं मूल अबोल आहे, हे तुम्हाला माहीत असतंच. निर्णय घेताना त्याचं मत आधी विचारा.

सुट्टी लागताच हलावं असा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. सुट्टीच्या सुरुवातीला पोचलात तर मुलं कितीतरी आठवडे शाळेविना, म्हणजे ओळखीविना, घरात बसून राहतात. शाळा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी पोचणं सगळ्यांत बरं.

ज्याला नोकरी नाही त्याचा दिवस

नोकरी करणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक टेबल, एक नाव आणि जेवायला चार माणसं मिळतात. मुलांना वर्ग मिळतो. जोडीदाराला मिळतं रिकामं घर आणि दुपार.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गेल्या सहा महिन्यांत गाव बदललेल्या ३५५ प्रौढांना विचारलं होतं की नव्या माणसांबरोबर किती वेळ घालवला आणि नातं कुठवर आलं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, पक्क्या मैत्रीला ९०, आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून अधिक. एकत्र काम करताना गेलेले तास फारसे मोजले जात नाहीत, एकत्र निवांत घालवलेले मोजले जातात.

आता उपनगरातला हिशेब करा. शेजारणीशी आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास बोलणं झालं, तर ५० तासांना ५० आठवडे लागतात. म्हणजे जवळजवळ वर्ष, आणि तेही फक्त साध्या मैत्रीसाठी. पहिल्या खेपेला मला वाटायचं की माझ्यातच काही कमी आहे. तास कमी होते. हे तेव्हा कळलं असतं तर मी ते मोजून वाढवले असते.

तास वाढतील की नाही हे बरंचसं घराच्या जागेवर ठरतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मैत्री सगळ्यांत जास्त शेजारच्या दारांत होत होती, आणि जिन्यापाशी किंवा टपालपेट्यांपाशी राहणाऱ्यांची ओळख वरच्या मजल्यावरच्या लोकांशीही होत होती, कारण लोक रोज त्यांच्या दारावरून जात. दुसऱ्या खेपेला आम्ही कोपऱ्यातलं शांत, प्रशस्त घर सोडून जिन्याजवळचं लहान घर घेतलं. गडबड असते, दारात मुलांच्या सायकली पडलेल्या असतात. पण नवऱ्याला, ज्याने या वेळी नोकरी सोडली होती, दुसऱ्याच महिन्यात तीन माणसं नावाने हाक मारू लागली.

मी काय निवडेन

मुलं तेराच्या आतली असतील, नोकरी पक्की असेल आणि जोडीदार मनापासून तयार असेल, तर एकदम हला, भाड्याच्या घरात, शाळेच्या चालत्या अंतरावर. ऑफिसजवळचं आणि शाळेजवळचं घर यांत निवड आली तर शाळेजवळचं घ्या. शाळेच्या दारात उभे राहणारे पालक हेच जोडीदाराचे पहिले तास असतात. ऑफिस पाऊण तासाच्या आत असलं की पुरे.

मोठं मूल तेराच्या पुढचं असेल आणि शाळेची एक-दोनच वर्षं उरली असतील, तर ये-जा करा, नाहीतर एकाने आधी जा, पण शेवटची तारीख लिहून. जोडीदाराची नोकरी सुटणार असेल आणि तिथे दुसरी मिळायची चिन्हं नसतील, तर सहा महिन्यांची ये-जा करून तेवढ्यात त्याचं किंवा तिचं काम शोधा.

काहीही ठरवण्याआधी ती वसाहत एकदा कामाच्या वारी दुपारी तीन ते पाच या वेळेत पाहून या. मैदानात कोण आहे, बाकावर कोण बसतं, चालत कुठवर जाता येतं, गाडीशिवाय दूध आणि औषध आणता येतं का, हे पाहा. ज्याला नोकरी लागली आहे त्याने त्या दिवशी घरी थांबावं आणि ज्याला त्या दुपारी तिथे काढायच्या आहेत त्याने एकट्याने जाऊन यावं.