राउटर: एम्युलेटरवर पाहावा की थेट उघडावा?

टीपी-लिंक, डी-लिंक यांसारख्या कंपन्या बऱ्याच मॉडेलांचे एम्युलेटर इंटरनेटवर ठेवतात. म्हणजे सेटिंगची तीच पानं, पण मागे खरा राउटर नाही. काहीही दाबा, घरातलं वायफाय बंद पडत नाही. खऱ्या राउटरवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकून आत गेलात आणि डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) आपोआप देणारी सोय, चुकून बंद केलंत, तर फोनला आयपीच मिळेनासा होतो. मग मागचं रिसेटचं बारीक भोक, टाचणी आणि सगळी मांडणी पहिल्यापासून.

माझ्या मते एम्युलेटरचा खरा उपयोग दुसऱ्याला मदत करताना होतो. गावाकडे मामांचा पासवर्ड बदलायचा होता. मी इथे त्यांच्याच मॉडेलचं पान उघडलं आणि फोनवर सांगत गेलो, "मामा, डावीकडे वायरलेस दिसतंय? त्याच्या खाली वायरलेस सिक्युरिटी. ते दाबा." पाच मिनिटांत काम झालं. नवा राउटर घेण्याआधी त्यात पॅरेंटल कंट्रोल किंवा गेस्ट नेटवर्क आहे का, हेही असंच पाहता येतं. फक्त हार्डवेअरची आवृत्ती स्टिकरवरून जुळवून घ्या, व्ही १ आणि व्ही २ची पानं वेगळी असू शकतात.

पण वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ की ११, कोणता चॅनल तुमच्या घरात नीट चालेल, हे एम्युलेटर सांगूच शकत नाही. तिथली जोडलेल्या उपकरणांची यादीही नमुन्याची असते. त्यासाठी खराच राउटर उघडा, पण आधी सेटिंगच्या बॅकअपची फाइल उतरवून ठेवा.