बीएलडीसी पंखा घ्यावा का? वर्षभर वापरून सांगते

लालबागच्या आमच्या घरातले तिन्ही जुने पंखे मागच्या मार्चमध्ये काढले आणि बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचे कमी वीज खाणारे पंखे लावले, लोहार चाळीच्या बाजारातून आणले, एक २,९०० ला पडला, साधा १,६०० ला मिळत होता. खोक्यावरचं वाचून सासूबाई म्हणाल्या, "अगं, २८ वॅटात वारा कसला लागणार?" पण पाच नंबरवर टाकल्यावर भिंतीवरचं कालनिर्णय फडफडायला लागलं, तेव्हापासून रिमोट त्यांच्याच उशाशी असतो. जुन्याची ती रात्रभरची टकटक गेली हे सगळ्यात मोठं सुख.

आता हिशोब. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १६ तास धरा, १.२ युनिट, नवा अर्ध्या युनिटच्या आत. तिघांचे मिळून महिन्याला ६५ युनिट वाचतात. आणि आपल्याकडे अजून चारातली तीन युनिटं कोळशावरच बनतात, युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या एका घरातून महिन्याला ४५ किलो कमी. मला हे खरंच महत्त्वाचं वाटतं.

तरी मे महिन्याचं बिल आदल्या वर्षीपेक्षा जास्त आलं! कारण उकाड्यात सासूबाईंना झोप लागेना म्हणून एसी घेतला, पाच स्टारचा, इन्व्हर्टरवाला, तरी रात्रीचे पाचेक युनिट खातोच. देशाचंही अगदी हेच चाललंय. २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेत ३६ कोटींच्या वर एलईडी बल्ब वाटले, जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, एका रुपयाच्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा कमी होतेय, पण माणसं वाढली, हातात पैसा आला, ज्या घरात एक पंखा होता तिथे तीन झाले, वर एसी, फ्रिज, त्यामुळे एकूण धूर वाढतच राहिला. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली ती उष्णतेच्या लाटेत. फक्त २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उत्सर्जन खाली आलं होतं, ते सगळं बंद होतं म्हणून, पुढच्या वर्षी परत वर. म्हणून कुणी म्हणालं की पंखे बदलून काय होतं, तर मी सांगते, हे पंखे नसते तर आमचं बिल अजून ६५ युनिटने वर असतं.

तक्रार एकच. दुकानाने पाठवलेल्या माणसाने जुना रेग्युलेटर तसाच ठेवला, दोन आठवड्यांत हॉलचा पंखा थांबत थांबत फिरायला लागला, दुकानात फोन केला तर म्हणे कंपनीला विचारा. शेवटी बिल्डिंगच्या वायरमनदादांनी रेग्युलेटर काढून वायर थेट स्विचला जोडली, दहा मिनिटांचं काम. तुम्ही बसवताना रेग्युलेटर काढायला आधीच सांगा.

आता एसी २६ वर आणि पंखा दोनवर ठेवतो, एसी एक डिग्रीने वाढवला की त्याची साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि सासूबाईंना पहाटे चादर लागते. माहेरच्यासाठी अजून दोन पंखे सांगून ठेवलेत.